सी-आर्म (ऑपरेशनच्या वेळी लाइव्ह एक्स-रे दाखवणारं मशीन) चालू असताना रेडिएशनचा डोस कमी कसा ठेवायचा
कॅथ लॅबला (अँजिओग्राफी होते ती खोली) किंवा ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या, ओटीत (ऑपरेशन थिएटरात) नवीन लागला असाल तर आधी हे डोक्यात बसवा, आपल्याला लागणारं रेडिएशन बहुतेक पेशंटच्या अंगावरून विखुरलेलं असतं, म्हणून एक्स-रे सोडणारी ट्यूब टेबलाखाली ठेवायची आणि चित्र टिपणारा डिटेक्टर पेशंटला जवळजवळ टेकवायचा, मधे वीतभर फट राहिली की मशीन स्वतःच डोस वाढवतं. लॅटरल (बाजूने, आडवा) व्ह्यू घेताना ट्यूबच्या बाजूला उभं राहूच नका, डिटेक्टरकडे या. अंतर दुप्पट केलं की डोस साधारण पाव होतो, मग एक पाऊल मागे सरकायला काय जातंय?

स्क्रीनवरून नजर हटली की एक्स-रे चालू करणाऱ्या पेडलवरचा पाय उचलायचा, शेवटची इमेज स्क्रीनवर राहतेच ना. गप्पा मारत पेडल दाबून ठेवणारे पण पाहिलेत, काय बोलणार! बरंचसं काम सेकंदाला १५ ऐवजी ७.५ फ्रेमवर भागतं. मॅग्निफिकेशन उगाच नको, त्यापेक्षा कोलिमेटर (किरणांचा झोत अरुंद करणाऱ्या पट्ट्या) आत घ्या, चित्रपण स्वच्छ दिसतं.

टीएलडी बॅज (आपल्याला लागलेला डोस मोजणारा) लेड म्हणजे शिशाच्या एप्रनच्या आत छातीवर लावा, ड्रॉवरमध्ये नाही. आणि लेड एप्रन घडी घालून खुर्चीवर टाकू नका हो, आतून तडे जातात अन् वरून कळतही नाही, हँगरलाच लावा.