जुनं दुखणं आणि व्यायाम: या चुका टाळा

बरं वाटलं त्या दिवशी दुप्पट चालायचं आणि पुढचे दोन दिवस पलंगावर काढायचे. तीन महिन्यांहून जास्त काळ कंबर किंवा गुडघा दुखतोय अशांचा व्यायाम बहुधा इथेच फसतो. बडोद्याच्या कमाटी बागेत तर हे हमखास होतं: गार सकाळ, सोबतीला गप्पा, आणि जितकं आत आलो तितकंच परत चालायचंय हे उशिरा आठवतं.

आधी मोजा. तीन दिवस, त्यात एखादा वाईट दिवसही येऊ द्या, दुखणं वाढायच्या आत किती मिनिटं चालता येतं ते लिहून ठेवा. 10, 14, 12 आली तर सरासरी 12. सुरुवात त्याहून कमी, 10 मिनिटांनी करा. पाच जायची, पाच यायची. मोबाइलवर पाच मिनिटांचा गजर लावा आणि वाजला की वळा, पुढच्या बाकावर कोणी ओळखीचं हाका मारत असलं तरी. आठवड्याला एक मिनिट वाढवा. वाईट दिवशी निम्मं चाला, पण शून्य नको.

दुखलं की आत काही फाटलं असं समजून व्यायाम सोडू नका. जुन्या दुखण्यात मज्जासंस्था हळवी झालेली असते, इजा नसतानाही ती ओरडते. दुखण्याला शून्य ते दहा असे अंक दिले, तर एक-दोन अंकांनी वाढलेलं दुखणं 24 तासांत पूर्ववत झालं तर चाललंय ते ठीक. नाही झालं, तर पुढच्या वेळी मिनिटं कमी करा. गोळी घेऊन जास्त चालणं मात्र नकोच. दुखण्याची सूचनाच दबते.

खुर्चीवरून उठ-बस करताना गुडघा कुरकुरतो, तो अनेकदा खुर्ची बुटकी म्हणून. बैठकीवर घडीची सतरंजी घाला, पावलं थोडी मागे घ्या, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुका, श्वास सोडत उठा. खरी गोम बसण्यात आहे: धपकन नाही, तीन मोजत. पाच वेळा पुरे.

गरब्याची तयारी घटस्थापनेला नव्हे, महिनाभर आधी, रोज पाच मिनिटांनी सुरू करा.

पायातली ताकद अचानक गेली, जांघेत बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा छातीत दुखू लागलं, तर व्यायाम तिथेच थांबवून लगेच इस्पितळ गाठा.