अमेरिकेत घर-गाडी आहे? मग अम्ब्रेला पॉलिसी अशी घ्या

भारतात गाडी चालवताना थर्ड पार्टी विम्याची मर्यादा किती, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही, आणि त्याला कारणही आहे. आपल्या गाडीने कुणी जखमी झालं किंवा दगावलं, तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई विमा कंपनीने भरायची. त्या रकमेला वरची हद्द नाही. हद्द आहे ती समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला, साडेसात लाख रुपयांची. हीच सवय घेऊन आपण न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये किंवा कॅलिफोर्नियाच्या बे एरियात येतो, आणि पहिली गाडी घेताना सगळ्यात स्वस्त पर्याय निवडून मोकळे होतो. इथे मात्र तुम्ही निवडलेला आकडा हीच कंपनीची हद्द असते. त्यावरची रक्कम तुमच्या खिशातून जाते.

कायद्याने सक्तीची किमान रक्कम तर फारच तोकडी आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून ती वाढली, तरी एका जखमी माणसामागे ३० हजार डॉलर, पूर्ण अपघातासाठी ६० हजार आणि मालमत्तेच्या नुकसानीला १५ हजार, एवढीच आहे. एक शस्त्रक्रिया आणि आयसीयूतले चार दिवस यांत ३० हजार कधी संपले ते कळतही नाही. जखमी माणसाचा बुडालेला पगार आणि त्याने सोसलेल्या त्रासाची भरपाई यांचा हिशेब तर त्यानंतर सुरू होतो.

अम्ब्रेला पॉलिसी ही गाडीच्या आणि घराच्या लायबिलिटी विम्यावर (आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या विम्यावर) चढवलेला दुसरा थर आहे. खालच्या पॉलिसीची रक्कम संपली की ती सुरू होते. ती १० लाख डॉलरच्या, म्हणजे एक मिलियनच्या पटीत मिळते. वकिलाचा खर्चही बहुतेक पॉलिसींमध्ये या रकमेच्या वर वेगळा मिळतो. दावा अगदी निराधार असला तरी तो लढायला वकील लागतोच, त्यामुळे ही गोष्ट मला मोठी वाटते.

आधी दोन कागद काढा

गाडीच्या आणि घराच्या पॉलिसीचं डिक्लेरेशन पेज, म्हणजे विम्याच्या आकड्यांचा गोषवारा, कंपनीच्या अ‍ॅपवर मिळतं. गाडीच्या कागदावर ‘बॉडिली इंज्युरी’समोर (दुसऱ्याला झालेली शारीरिक इजा) १००/३०० असे आकडे दिसतील. म्हणजे एका माणसामागे एक लाख आणि पूर्ण अपघातासाठी तीन लाख डॉलर. घराच्या कागदावर ‘कव्हरेज ई’ म्हणजे पर्सनल लायबिलिटी शोधा. त्याखालचं ‘कव्हरेज एफ’ म्हणजे पाहुण्यांच्या किरकोळ उपचारांचा खर्च. तो काही हजारांचाच असतो, त्यावर विसंबू नका. भाड्याने राहत असाल तर रेंटर्स पॉलिसीत ही लायबिलिटी बहुधा एक लाख असते.

खालचा थर वाढवा

अम्ब्रेला देणारी कंपनी अट घालते. सर्वसाधारणपणे गाडीवर २५०/५०० आणि मालमत्तेच्या नुकसानीला एक लाख, घरावर तीन लाख. कंपनीगणिक आकडे थोडे बदलतात. ही अट फक्त पॉलिसी घेताना पाळून भागत नाही, ती कायम पाळावी लागते. लोक नेमके इथेच फसतात, म्हणून एक हिशेब मांडते.

समजा, तुमच्या गाडीची धडक बसून सायकलस्वार जखमी झाला आणि भरपाई ठरली ९ लाख डॉलर. गाडीवर २५०/५०० आणि वर एक मिलियनची अम्ब्रेला असेल, तर अडीच लाख गाडीची पॉलिसी देईल आणि साडेसहा लाख अम्ब्रेला. तुमचा खर्च शून्य. आता समजा, मध्ये कधीतरी हप्ता कमी करायला तुम्ही गाडीची कंपनी बदललीत आणि नव्या पॉलिसीत १००/३०० घेतलंत. गाडीची पॉलिसी एक लाख देईल, पण अम्ब्रेला अडीच लाखांच्या वरच सुरू होणार. मधले दीड लाख डॉलर तुमचे. म्हणून गाडीची किंवा घराची कंपनी बदलण्याआधी अम्ब्रेलाच्या एजंटला फोन करा. हा फोन टाळू नका.

किती रकमेची घ्यायची

‘आम्ही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, भाड्याच्या घरात. आमच्याकडून कोण काय नेणार?’ हे वाक्य मराठी घरांत फार ऐकू येतं. पण कोर्टाचा निकाल तुमच्या आजच्या शिलकीपुरता नसतो. केंद्रीय कायद्यानुसार अशा वसुलीसाठी हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते, आणि न्यू जर्सीत असा निकाल २० वर्षं लागू राहतो. तिशीतल्या इंजिनियरची खरी संपत्ती म्हणजे त्याचा पुढचा पगार.

उलट काही गोष्टींना कायद्याचंच संरक्षण आहे. नोकरीतल्या ४०१-के या निवृत्तीच्या बचत खात्याला धनको सहसा हात लावू शकत नाहीत. टेक्सास आणि फ्लोरिडात राहत्या घराला भक्कम संरक्षण आहे. कॅलिफोर्निया, न्यू जर्सीत तसं नाही. तेव्हा बँकेतली शिल्लक, शेअर्स, घरातला आपला वाटा (घराची किंमत वजा उरलेलं कर्ज) आणि काही वर्षांचा पगार यांची बेरीज करा आणि वरच्या पूर्ण मिलियनवर जा. दोघं नोकरी करतात, घर आहे, मुलं मोठी होतायत, अशा कुटुंबाने दोन मिलियनचा कोट (हप्त्याचा अंदाज) तरी मागावाच, असं माझं मत आहे. पहिल्या मिलियनला वर्षाला साधारण २०० ते ४०० डॉलर पडतात आणि पुढचा प्रत्येक मिलियन त्याहून स्वस्त असतो. घरात सोळा-सतरा वर्षांचा ड्रायव्हर असेल तर हप्ता बराच चढतो, पण याच काळात या पॉलिसीची सर्वांत जास्त गरज असते.

कोट मागताना काही लपवू नका

पहिला कोट आहे त्याच कंपनीकडून घ्या, कारण अनेक कंपन्या घर आणि गाडी दोन्ही आपल्याकडे असल्याशिवाय अम्ब्रेला देत नाहीत. तसं जमत नसेल तर स्वतंत्र ब्रोकरकडे जा. सुटी अम्ब्रेला विकणाऱ्या कंपन्याही आहेत.

अर्जात स्विमिंग पूल, ट्रॅम्पोलिन, कुत्रा आणि त्याची जात, घरातले सगळे ड्रायव्हर आणि मागच्या काही वर्षांतले ट्रॅफिक तिकीट विचारतात. सगळं खरं लिहा. लपवलेला ट्रॅम्पोलिन नेमका दाव्याच्या वेळी बाहेर येतो आणि कंपनीला हात वर करायला कारण मिळतं. भाड्याने दिलेलं दुसरं घर असेल तर त्याची नोंद अम्ब्रेलावर करून घ्या. ते एलएलसीच्या, म्हणजे तुम्ही काढलेल्या मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या नावावर असेल तर वैयक्तिक अम्ब्रेला सहसा चालत नाही, त्याला व्यावसायिक पॉलिसी लागते. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले असतील आणि बाबा भारतातल्या लायसन्सवर गाडी चालवणार असतील, तर किल्ली देण्याआधी एजंटला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

घरी गणपती बसवता, दीडशे माणसं दर्शनाला येतात. ओल्या पायरीवरून कुणी घसरलं तर तो घराच्या पॉलिसीचा आणि वर अम्ब्रेलाचा विषय. घरगुती पार्टीत दारू असेल तर जास्त सांभाळा. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ सालीच ठरवलं आहे की, दारू चढलेली दिसत असताना आणि तो गाडी चालवणार हे माहीत असताना यजमान पाहुण्याला पाजत राहिला, तर त्या पाहुण्याने केलेल्या अपघाताची जबाबदारी यजमानावरही येऊ शकते. महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम मात्र तुमच्या घरच्या विम्यात धरू नका. त्यासाठी मंडळानेच वेगळा विमा घ्यायचा असतो.

पॉलिसी हातात आल्यावर ‘एक्स्क्लूजन’ (काय काय वगळलंय) वाचा

तुमची स्वतःची दुखापत, तुमच्याच घराचं नुकसान, जाणूनबुजून केलेलं कृत्य, धंदा आणि व्यवसायातल्या चुका अम्ब्रेलात येत नाहीत. घरगुती पाळणाघर किंवा डब्यांचा उद्योग चालवत असाल तर तो धंदाच धरला जातो. बदनामीच्या दाव्याला अनेक पॉलिसींत संरक्षण असतं. खालची पॉलिसी असा दावा झाकत नसेल तर सुरुवातीची ठरावीक रक्कम तुम्हाला भरावी लागते. ती किती, ते बघून ठेवा.

आणखी एक नीट विचारा. विमा नसलेल्या गाडीने तुम्हाला ठोकलं तर अम्ब्रेला तुमच्या कामी येत नाही. त्यासाठी ‘अनइन्शुअर्ड मोटरिस्ट’ची वेगळी जोड घ्यावी लागते. सगळ्या कंपन्या ती देत नाहीत, पण मिळाली तर घ्याच.

अपघात झालाच तर

आधी जखमीला मदत, मग पोलिस. फोटो काढा. चूक कुणाची यावर रस्त्यात बोलू नका, आणि आपसात पैसे देऊन मिटवू नका. दुखापत किरकोळ वाटली तरी त्याच दिवशी खालच्या आणि अम्ब्रेलाच्या अशा दोन्ही कंपन्यांना कळवा. अपघाताच्या दिवशी जी पॉलिसी चालू होती तीच लागू होते, म्हणून जुन्या वर्षांची डिक्लेरेशन पेजेस जपून ठेवा. दावा कधी कधी दीड-दोन वर्षांनी दाखल होतो. समन्स आलं तर उत्तर द्यायला न्यू जर्सीत ३५ दिवस आणि कॅलिफोर्नियात ३० दिवस मिळतात. ते दोन्ही कंपन्यांना त्याच दिवशी ईमेलने पाठवा आणि पोच मिळेपर्यंत पाठपुरावा करा.