क्रिप्टो कार्ड मागवायच्या आधी

मावसभाऊ स्टुटगार्टला असतो, मी म्युनिकला, आणि गेले दोन आठवडे हा रोज रात्री कुठल्यातरी क्रिप्टो कार्डाचा (बिटकॉईनसारख्या कॉईन्समधून दुकानात पैसे भरायचं कार्ड) स्क्रीनशॉट पाठवून "हे घेऊ का?" विचारतोय. एकात ५ टक्के कॅशबॅक, एक धातूचं वजनदार, एकात काहीतरी सबस्क्रिप्शन फुकट. शेवटी म्हटलं अरे बाबा, कार्ड सगळ्यात शेवटी निवडायचं असतं, आधी तुझ्या पोतडीत काय आहे ते बघ. त्याला जे सांगितलं तेच इथे टाकतोय, जर्मनीतल्या बाकीच्या मंडळींनाही कामाला येईल. भारतात राहणाऱ्यांचं गणित वेगळं आहे, ते खाली.

तर पहिलं काम, कुठलं कॉईन कधी घेतलं, केवढ्याला घेतलं आणि आत्ता कुठल्या वॉलेटमध्ये (कॉईन ठेवायच्या डिजिटल पाकिटात) पडलंय हे सगळं एका एक्सेलमध्ये उतरवून काढा. कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं यावरच उभं आहे. कारण कार्ड टॅप केलं की दुकानदाराला काही बिटकॉईन मिळत नाही, त्याला युरोच मिळतात, मधली कंपनी तुमचं कॉईन विकून ते युरो देते. म्हणजे रेवे सुपरमार्केटमध्ये दूध-अंडी घेतलीत तरी फिनान्झअम्टच्या (टॅक्स ऑफिसच्या) लेखी तुम्ही बिटकॉईन विकलंत. इथला नियम बहुतेकांना माहीत असतो, वर्षाच्या वर ठेवलेलं कॉईन विकलं तर नफ्यावर टॅक्स नाही, वर्षाच्या आत विकलं तर नफा पगारात मिळवून त्याच दराने टॅक्स. वर्षभरातला असा एकूण नफा १००० युरोच्या आत असेल तर सुटतो (२०२३ पर्यंत ही मर्यादा ६०० होती), पण गंमत अशी की नफा ९९९ झाला तर काहीच नाही आणि हजाराला टेकला तर सगळ्याच्या सगळ्यावर टॅक्स. इथे भलेभले फसतात, त्यांना वाटतं पहिले हजार माफ आहेत.

आता भाऊ दर महिन्याला ५० युरोचं बिटकॉईन घेतो, म्हणजे त्याच्या वॉलेटात तीन वर्षांपूर्वीचं आणि मागच्या महिन्यातलं सगळं एकत्र कालवलेलं आहे. हिशोबाच्या सोयीसाठी आधी घेतलेलं आधी विकलं असं धरता येतं आणि ते वॉलेटवार धरतात, म्हणून मी त्याला सांगितलं की वर्ष उलटलेली कॉईन्स वेगळ्या वॉलेटमध्ये काढ, कार्डासाठी फक्त तीच वापर, नव्याला हातच लावू नको.

की सरळ स्टेबलकॉईन (डॉलर किंवा युरोच्या भावाला बांधलेलं कॉईन) खर्च करायचं? मी तेच करतो खरं तर, युरोवालं. डॉलरवालं घेतलं की युरो-डॉलरच्या भावाचं झेंगट मागे लागतं, कॉफीच्या कपामागे चार पैशांचा नफा-तोटा, आणि तोही लिहून ठेवायचा. यूएसडीटी (असंच एक डॉलरवालं) घेऊन बसला असाल तर लक्षात ठेवा, युरोपात मीका या क्रिप्टो कायद्याचे स्टेबलकॉईनचे नियम ३० जून २०२४ ला लागू झाले आणि त्यानंतर मोठ्या एक्स्चेंजनी (कॉईन खरेदी-विक्रीच्या बाजारांनी) इथल्या ग्राहकांसाठी यूएसडीटीचे व्यवहार एकेक करून बंद केले. यूएसडीसी (डॉलरवालं) आणि ईयूआरसी (युरोवालं) चालतात. आणि एक, बिटकॉईन देऊन यूएसडीसी घेतलं तर "विकलं कुठे, नुसतं बदललं" असं म्हणून चालत नाही, बदलणं हेही विकणंच, वर्षाचा नियम तिथेच लागतो.

हे झालं की मगच कार्डांकडे बघा, आणि बघताना कॅशबॅकचा आकडा हाताने झाकून बघा. खरा खर्च असतो तो बदलण्याच्या भावात. "शून्य फी" लिहितात आणि भावातच दोन टक्के खातात. यावर उपाय सोपा आहे, नवीन कार्डावर पहिली खरेदी छोटी करा, समजा २५ युरोची, टॅप करताना एक्स्चेंजवरचा भाव फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवा, घरी येऊन किती कॉईन कापलं ते त्या भावाने गुणा. २५.६० आले तर साठ सेंट गेले, म्हणजे जवळजवळ अडीच टक्के. आता १ टक्का कॅशबॅक घेऊन काय लोणचं घालायचं? शिवाय तो कॅशबॅक बहुतेक त्यांच्या स्वतःच्या टोकनमध्ये (कंपनीनेच काढलेल्या कॉईनमध्ये) असतो आणि चांगला दर हवा तर तेच टोकन सहा-सहा महिने अडकवून ठेवावं लागतं. क्रिप्टो डॉट कॉमने मे २०२२ मध्ये कार्डाच्या कॅशबॅकचे दर कापायचं जाहीर केलं आणि त्यांच्या टोकनचा, सीआरओचा, भाव गडगडला, लोकांनी आरडाओरडा केल्यावर थोडं मागे घेतलं, पण ज्यांनी वरच्या रंगाच्या (जास्त कॅशबॅकच्या) कार्डासाठी हजारो युरोचं सीआरओ घेऊन ठेवलं होतं त्यांचा कॅशबॅक कुठल्या कुठे गेला.

यानंतर कार्डाच्या मागची बारीक अक्षरं वाचा, मोबाईलची टॉर्च लावून वाचावी लागली तरी वाचा. पुढे ज्या ब्रँडचं नाव असतं तो बऱ्याचदा कार्ड देतच नाही, देणारी कंपनी दुसरीच असते आणि ती पडली की कार्डाचा नुसता प्लॅस्टिकचा तुकडा. जानेवारी २०१८ मध्ये व्हिसाने जिब्राल्टरच्या वेव्हक्रेस्ट या कार्ड देणाऱ्या कंपनीला बाहेर काढलं आणि तिच्या जिवावर चाललेली कितीतरी क्रिप्टो कार्डं एका दिवसात बंद पडली. मग जून २०२०, वायरकार्ड ही पेमेंट कंपनी. ही तर आमच्या शेजारची, म्युनिकला लागून असलेल्या आशहाइममधली, १.९ अब्ज युरो खात्यात नाहीतच असं निघालं आणि कंपनी दिवाळखोरीत गेली, तिच्या ब्रिटनमधल्या शाखेवर चालणारी कार्डं काही दिवस गोठली, त्यात क्रिप्टोवालीही होती. डिसेंबर २०२३ मध्ये बायनान्स एक्स्चेंजने युरोपातलं कार्डच बंद केलं. म्हणून कार्डावर आठवड्याच्या भाजी-किराण्याइतकंच ठेवायचं, बचत नाही. बँकेत १ लाख युरोपर्यंत ठेवींना हमी असते, एक्स्चेंजवर पडलेल्या कॉईन्सना ती नसते.

कॉईन स्वतःच्याच वॉलेटमध्ये राहून टॅप केल्यावरच कापलं जातं अशी कार्डंही आता आहेत, नोसिस पे २०२३ मध्ये आलं, मेटामास्कच्या कार्डाची चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली. मला कल्पना आवडते, पण चावी (वॉलेटचा गुप्त कोड) हरवली तर हेल्पलाईनला फोन करून काही होत नाही, हे ज्याला झेपेल त्यानेच घ्यावं. आणि चुकीच्या नेटवर्कवर पैसे पाठवणाऱ्यांनी तर नकोच (भाऊ, हे तुला).

रोजच्या वापराचं सांगतो. माझ्या घराखालच्या बेकरीत काचेवर चिकटवलेला कागद आहे, फक्त ईसी कार्ड (जर्मन बँकेचं डेबिट कार्ड, म्हणजेच जिरोकार्ड) किंवा रोख. मी पहिल्याच शनिवारी नवीन कार्ड दाखवायला चार ब्रोटशन आणि एक ब्रेझल घेतली, मशीनने दोनदा नाही म्हटलं, मागे सात-आठ माणसांची रांग, बाईंनी काही न बोलता नुसतं त्या कागदाकडे बोट दाखवलं. तेव्हा बँकेचं जिरोकार्ड आणि दहाची नोट पाकिटात हवीच. पेट्रोल पंपावर, हॉटेलात, भाड्याच्या गाडीला आधी जास्तीची रक्कम अडवून ठेवतात, तेवढा बॅलन्स नसेल तर कार्ड नाकारलं जातं आणि असेल तरी तो काही दिवस अडकून पडतो, गाडी भाड्याने देणारे तर अशी कार्डं घेतच नाहीत बऱ्याचदा.

आणि रिफंड! हा कोणी सांगत नाही. मी ११९ युरोचे बूट इथर (बिटकॉईनसारखंच दुसरं कॉईन) कापून घेतले, घट्ट झाले, परत केले, सहा दिवसांनी ११९ युरो आले. युरो, इथर नाही. त्या सहा दिवसांत इथर वर गेलं होतं आणि टॅक्सच्या हिशोबात विक्री ती विक्रीच, बूट परत गेले तरी. तेव्हापासून परत करायची शक्यता असेल असलं काही कार्डावर घेत नाही.

अर्ज करण्याआधी ॲपमधून सगळे व्यवहार सीएसव्हीमध्ये उतरवता येतात का, त्यात प्रत्येक खरेदीचा त्या वेळचा भाव येतो का, हे बघा. येत नसेल तर ते कार्ड सोडून द्या, कितीही चकचकीत असो. वर्षाला चारशे टॅप म्हणजे चारशे विक्र्या, हाताने लिहून बघा एकदा. १ जानेवारी २०२६ पासून युरोपातल्या कंपन्यांना ग्राहकांच्या व्यवहारांची माहिती टॅक्स खात्यासाठी गोळा करावी लागतेय, तेव्हा आपला हिशोब आणि त्यांचा हिशोब जुळला पाहिजे.

आता भारताचं. तिथे रहिवासी असाल तर वर्षाची सवलत वगैरे काही नाही, नफ्यावर सरळ ३० टक्के, वर सेस, एका कॉईनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस. असं असताना चहाचं बिल क्रिप्टोने भरण्यात काय अर्थ आहे मला कळत नाही, आणि टपरीवर क्यूआर कोड असतो, कार्डाचं मशीन नाही. इथलं कार्ड दिवाळीला पुण्यात वापरायचं म्हणाल तर परकीय चलनाची वेगळी फी लागते का ते आधी बघून घ्या, मॉलमध्ये चालेल, तुळशीबागेत नाही.

भाऊने अजून कार्ड मागवलेलं नाही. काल फोन आला तेव्हा २०२३ चा सहा महिन्यांचा हिशोब सापडत नाही म्हणाला, जुन्या लॅपटॉपमध्ये आहे बहुतेक, आणि त्याचा चार्जर नाशिकला.