थंड प्रेअरीतील बागेसाठी स्थानिक झाडे निवडताना या चुका टाळा

मे महिन्याच्या उत्तरार्धात कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांतील, म्हणजे आल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा या गवताळ माळरानाच्या प्रांतांतील, रोपवाटिका गजबजून जातात आणि कॅलगरी, एडमंटन, सॅस्काटून, विनिपेग अशा शहरांत स्थिरावलेली मराठी कुटुंबेही त्या गर्दीत असतात. नुसत्या हिरवळीऐवजी इथल्या मातीतली फुले आणि गवते लावावीत असे आता त्यांतल्या अनेकांना वाटू लागले आहे, ही फार चांगली गोष्ट आहे. मात्र पुढच्या वसंतात काही रोपे दिसेनाशी झाली की सगळा दोष हिवाळ्याला दिला जातो. जी वनस्पती हजारो वर्षे उणे ४० अंशांच्या रात्री सोसत आली आहे, ती केवळ थंडीने मरण्याची शक्यता कमी असते. तिच्या मरणाचे कारण बहुधा रोप निवडताना किंवा त्याची जागा ठरवताना झालेल्या चुकीत सापडते.

‘नेटिव्ह’ या पाटीवर विसंबणे

कुंडीवर ‘नेटिव्ह’ असे छापलेले असते, पण ती वनस्पती कुठली स्थानिक, हे क्वचितच लिहिलेले असते. सर्वांत जास्त विकली जाणारी जांभळी एकिनेशिया, म्हणजे एकिनेशिया पर्प्युरिया, ही अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातील आहे. सस्कॅचेवान व मॅनिटोबाच्या दक्षिणेकडील कोरड्या माळांवर उगवते ती अरुंद पानांची एकिनेशिया अँगस्टिफोलिया. पहिली लावण्यात काही पाप नाही, परंतु तिला अधिक ओलावा लागतो, आणि कोरड्या, उघड्या वाफ्यात ती दोन-तीन वर्षांत विरळ होत गेली तर त्यात आश्चर्य वाटायला नको.

गलांड्याची गोष्ट याहून बोधक आहे. आपल्याकडे हारांत ओवला जाणारा गलांडा मुख्यतः गेलार्डिया पुल्केला या वर्षायू जातीचा असतो, तर आल्बर्टापासून मॅनिटोबापर्यंतच्या माळरानावर आपोआप उगवणारी गेलार्डिया अ‍ॅरिस्टाटा ही बहुवर्षायू जाती आहे. दुकानात मात्र बहुतेक वेळा या दोघींचा संकर विकला जातो. तो भरभरून फुलतो आणि लवकर संपतो, त्यामुळे ‘स्थानिक फूल लावले तरी टिकले नाही’ ही तक्रार ऐकू येते. रोप घेताना पूर्ण शास्त्रीय नाव वाचण्याची सवय लावून घेतली, तर हा घोटाळा मुळातच टळतो.

जाती बरोबर असली तरी बी कुठून आले हा प्रश्न उरतोच. अमेरिकेतील दक्षिणेकडच्या राज्यांतल्या बियांपासून वाढवलेला अ‍ॅस्टर किंवा लायाट्रिस ही फुलझाडे प्रेअरीत जगतात, पण त्यांचे घड्याळ तिकडच्या लांब उन्हाळ्याचे असते आणि कळ्या धरेपर्यंत सप्टेंबरचे दव गोठू लागलेले असते. तुमची झाडे दरवर्षी हिरवीगार वाढून फुलण्याआधीच करपत असतील, तर खतपाण्यात बदल करण्यापूर्वी रोपवाटिकेला बियांचे मूळ ठिकाण विचारावे. स्थानिक वनस्पतींत काम करणारे चांगले विक्रेते हे उत्तर लगेच देतात, आणि ज्यांना ते देता येत नाही त्यांच्याकडून या जाती न घेतलेल्या बऱ्या, असे माझे स्पष्ट मत आहे.

रानफुलांच्या मिश्रणाची पाकिटे

एका पाकिटात संपूर्ण माळ मिळेल, या आशेने रानफुलांचे मिश्र बी विकत घेणे ही या विषयातील सर्वांत महागडी चूक आहे. अशा मिश्रणांत ऑक्सआय डेझी, डेम्स रॉकेट किंवा बेबीज ब्रेथ निघू शकते, आणि या तिन्ही वनस्पती आल्बर्टाच्या तणनियंत्रण कायद्यानुसार उपद्रवी तण ठरवलेल्या आहेत. त्यांचा प्रसार रोखणे ही जमीनमालकाची कायदेशीर जबाबदारी असते. पाकिटावर प्रत्येक जातीचे नाव नसेल, तर ते दुकानातच राहू द्यावे.

विभागाचा क्रमांक पाहून निश्चिंत होणे

हिवाळ्याच्या तीव्रतेनुसार प्रदेशांना विभाग-क्रमांक दिलेले असतात आणि रोप कोणत्या विभागापर्यंत तगते हे पाटीवर लिहिलेले असते. अमेरिकी पद्धतीत विभाग ३ याचा अर्थ एवढाच, की तेथील वर्षातील सर्वांत कमी तापमान सरासरीने उणे ४० ते उणे ३४ अंश सेल्सिअसच्या दरम्यान उतरते. कॅनडाचा सरकारी नकाशा याहून पुढे जातो. त्यात दवगोठणीशिवायचे दिवस, उन्हाळ्यातला पाऊस, बर्फाची खोली आणि वाऱ्याचा जोर यांचाही हिशेब असतो. तरीही कोणताही क्रमांक तुमच्या भिंतीच्या दक्षिण बाजूची माती कशी वागते, हे सांगू शकत नाही.

कॅलगरीत हिवाळ्यात रॉकी पर्वतावरून चिनूक वारे उतरतात आणि काही तासांत तापमान वीस-वीस अंशांनी वर चढते. रोपांचे गारठ्यापासून रक्षण करणारे बर्फाचे पांघरूण वितळते, मातीचा वरचा थर मऊ पडतो, आणि वारा थांबताच तो पुन्हा गोठतो. या उघडझापीत नव्याने लावलेल्या रोपांची मुळे अक्षरशः वर ढकलली जातात. एप्रिलमध्ये रोपाचा गड्डा, म्हणजे मुळे आणि देठ जिथे जुळतात तो भाग, मातीच्या वर उचललेला दिसला, तर तो लगेच हाताने दाबून वर माती सारावी आणि पुढील वर्षीपासून अशी रोपे भिंतीलगतच्या उबदार पट्ट्यात लावू नयेत. शरद ऋतूत उशिरा लागवड करणेही टाळावे, कारण मुळांना जमीन धरायला वेळच मिळत नाही.

विनिपेगची अडचण नेमकी उलट आहे. ते शहर अगासिझ नावाच्या हिमयुगीन सरोवराच्या तळाशी साचलेल्या जड चिकणमातीवर वसलेले आहे आणि वसंतात बर्फ वितळल्यावर तिथे पाणी कित्येक दिवस साचून राहते. गेलार्डिया, पेन्स्टेमॉन, प्रेअरी क्रोकस या कोरड्या उतारावरच्या वनस्पती अशा मातीत थंडीने नव्हे, तर गड्डा कुजून मरतात. रोप हलके ओढताच देठ हातात येत असेल आणि बुडाशी काळपट, मऊ भाग दिसत असेल, तर निदान पक्के समजावे. त्यावर उपाय म्हणजे एक तर उंच गादीवाफा करणे, नाहीतर मातीशी भांडण न करता तिला मानवणाऱ्या जाती निवडणे. माझा कल दुसऱ्या उपायाकडे आहे: बिग ब्लूस्टेम गवत, गोल्डन अलेक्झांडर, मेडो लायाट्रिस आणि ओलसर कोपऱ्यात स्वॅम्प मिल्कवीड या जड मातीत सुखाने नांदतात, शिवाय दक्षिण मॅनिटोबापर्यंत येणाऱ्या मोनार्क फुलपाखरांना अंडी घालण्यासाठी मिल्कवीडच लागते. कॅलगरीच्या कोरड्या, उन्हाच्या अंगणासाठी मात्र ब्लू ग्रामा गवत, प्रेअरी स्मोक, रानजवस, ठिपकेदार पानांची लायाट्रिस पंक्टाटा आणि प्रेअरी क्रोकस ही मंडळी योग्य ठरतात. तिथे वर्षाला सुमारे ४२० मिलिमीटर, तर विनिपेगला सुमारे ५२० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. दोन्ही शहरे ‘प्रेअरीत’ असली तरी एकाची यादी दुसऱ्याने उचलू नये.

मातीला फार खाऊ घालणे

बाग म्हटली की शेणखत, ही आपली जुनी आणि भाजीपाल्याच्या बाबतीत अगदी योग्य सवय आहे. इथे तिला आवर घालावा लागतो. कासच्या पठारावरील फुले जांभ्या खडकावरच्या पातळ, निकस थरातच बहरतात, तसेच प्रेअरीच्या कोरड्या माळावरील फुलांचेही आहे. भरपूर कंपोस्ट आणि नियमित पाणी मिळालेला रानबर्गामॉट म्हणजे मोनार्डा उंच, लुसलुशीत वाढतो, जुलैच्या वादळात आडवा पडतो आणि दाटीमुळे त्याच्या पानांवर भुरी येते. झाडे लोळत असतील तर आधार देण्याच्या काठ्या आणण्याऐवजी खत बंद करावे, पाणी कमी करावे आणि मधे लिटल ब्लूस्टेमसारखी गवते लावावीत, कारण माळावर फुलांना उभे ठेवण्याचे काम शेजारची गवतेच करतात. पहिल्या उन्हाळ्यात मात्र नव्या रोपांना आठवड्यातून एकदा खोलवर पाणी द्यायलाच हवे. दुष्काळ सोसण्याची ताकद मुळे खाली गेल्यानंतर येते, लावल्या दिवशी नाही.

जुने गवत पुरते न काढणे

जमिनीत स्मूद ब्रोम, क्वॅक ग्रास किंवा कॅनडा थिसल यांची धावती मुळे शिल्लक असतील, तर वर कितीही चांगली निवड केली तरी तिसऱ्या वर्षी बाग त्यांच्या ताब्यात गेलेली दिसते. तुटलेल्या मुळांचे तुकडे पुन्हा फुटतात, म्हणून यंत्राने जमीन उलथणे हा उपाय नव्हे. जाड पुठ्ठ्याचे थर आणि त्यावर आच्छादन घालून एक पूर्ण हंगाम जमीन झाकून ठेवावी, कडेने डोकावणारी पाने वरचेवर काढावीत, आणि मगच लागवड करावी. वर्षभर थांबणे जिवावर येते, पण पुढची अनेक वर्षे रोपांच्या गुंत्यातून ब्रोम उपटत बसण्यापेक्षा ते कितीतरी सोपे आहे.

बी उगवत नाही ही तक्रारही बहुधा घाईतून येते. मिल्कवीड, मोनार्डा, प्रेअरी स्मोक यांच्या बियांना ओल्या थंडीचा काळ गेलेला चांगला असतो, म्हणून ते ऑक्टोबरच्या शेवटी, जमीन गोठण्याच्या बेतात पेरावे. प्रेअरी क्रोकसचे बी उलट उन्हाळ्याच्या सुरुवातीला, पिकल्याबरोबर ताजेच पेरावे लागते.

छोट्या अंगणात मोठी कुटुंबे आणणे

कॅनडा गोल्डनरॉड, कॅनडा अ‍ॅनिमोन, वुल्फ विलो आणि रानगुलाब ही सगळी अस्सल स्थानिक झाडे आहेत, पण ती जमिनीखालून पसरतात आणि छोट्या वाफ्यात इतरांना जागा ठेवत नाहीत. शहरी अंगणात गोल्डनरॉड हवा असेल तर मिसूरी किंवा स्टिफ गोल्डनरॉड घ्यावा. झुडपासाठी सास्काटून बेरी चांगली. तिचेही फुटवे येतात, पण ते छाटून आटोक्यात ठेवता येतात आणि जुलैत फळेही मिळतात.

रानातून उपटून आणणे तर कोणत्याही कारणाने करू नये. मॅनिटोबातील उंच गवताचा मूळ माळ आता एक टक्क्याहूनही कमी उरला आहे, आणि सस्कॅचेवानचे राज्यपुष्प असलेली वेस्टर्न रेड लिली तोडण्यास किंवा उपटण्यास तिथे कायद्यानेच मनाई आहे. प्रेअरी क्रोकसची मुळे इतकी खोल जातात की उपटलेले झाड बहुधा जगतही नाही.

फार लवकर साफ करणे, फार लवकर हार मानणे

शरदात सगळे वाळलेले देठ कापून बाग स्वच्छ केली की बर्फ अडवणारे काहीच उरत नाही आणि पोकळ देठांत राहणाऱ्या मधमाश्यांचे घरही जाते. देठ हिवाळाभर उभे ठेवावेत आणि वसंतात सुमारे ३० सेंटिमीटरचे खुंट राखून वरचा भाग कापावा. लिटल ब्लूस्टेम आणि ब्लू ग्रामा ही उष्ण हंगामातली गवते आहेत. हिरवळ हिरवी होऊन कितीतरी दिवस लोटले तरी ती तपकिरीच असतात आणि मेली समजून उपटली जातात. जूनच्या मध्यापर्यंत थांबावे, मग बुडाशी नखाने हलके खरवडून पाहावे. आत हिरवा किंवा पांढरट टणक भाग दिसला तर झाड जिवंत आहे. तो भाग कोरडा आणि पोकळ लागला, तरच ती जागा नव्या रोपासाठी मोकळी करावी.