नव्या संशोधकांच्या प्रस्तावांची छाननी कशी करावी

विद्यापीठाचा सीड मनी (संशोधन सुरू करायला दिलेली छोटी रक्कम) असो की एखाद्या न्यासाचा निधी, नवे आणि ज्येष्ठ संशोधक एकाच गठ्ठ्यात टाकले की नवे मागे पडतात. परीक्षकाची नजर कल्पनेआधी प्रकाशनांच्या यादीवर जाते आणि ती यादी वर्षांगणिक लांबतच जाते. म्हणून जाहिरात काढण्यापूर्वीच नव्यांसाठी रक्कम वेगळी काढा.

‘नवा’ कोण, हे वयावरून ठरवू नका; नोकरी सांभाळून उशिरा पीएचडी केलेल्यांवर त्यात अन्याय होतो. पीएचडीनंतरची वर्षे मोजा. अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था एनआयएच १० वर्षांची मर्यादा धरते. बाळंतपण, आजारपण, घरच्यांची शुश्रूषा यांत गेलेला काळ त्यातून वजा करा. युरोपीय संघाची संशोधन-निधी संस्था युरोपियन रिसर्च कौन्सिलने आईला प्रत्येक मुलामागे १८ महिन्यांची सवलत दिली आहे. सवलतीचे महिने जाहिरातीतच छापा. ‘विनंती आल्यास विचार होईल’ एवढेच लिहिले, तर मागायला संकोचणारी बाई अर्जच करत नाही.

अर्जात एच-इंडेक्स (संशोधकाच्या पेपरांना मिळालेल्या संदर्भांवरून काढलेला आकडा) आणि इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकाच्या पेपरांना सरासरी मिळणारे संदर्भ) मागू नका. निवडक ३ कामे आणि प्रत्येकात स्वतः नेमके काय केले याच्या चार ओळी मागा; गाईडबरोबरच्या पेपरमधला विद्यार्थ्याचा वाटा त्यातूनच कळतो. पहिल्या फेरीत नाव आणि संस्था झाकून दोन पानांची कल्पना वाचा. ‘आमच्या आधीच्या पेपरमध्ये’ असा उल्लेख राहिला तर नाव झाकून उपयोग नाही, तो अर्ज दुरुस्तीला परत पाठवा.

गुण बैठकीआधी लेखी घ्या. नाहीतर एक ज्येष्ठ बोलला की बाकीचे मान डोलावतात. अर्जदाराचा गाईड किंवा सहलेखक समितीत असेल तर त्याने त्या चर्चेपुरते खोलीबाहेर जावे; नुसते गप्प बसणे पुरत नाही.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे कट-ऑफची रेषा. नेदरलँड्समधल्या नव्या संशोधकांवरचा २०१८चा अभ्यास पाहा: रेषेच्या जेमतेम वर राहिलेल्यांना पुढच्या ८ वर्षांत जेमतेम खाली राहिलेल्यांच्या दुपटीहून जास्त निधी मिळाला. गुणांत फरक जवळपास नव्हताच! परीक्षकांचे आपसातले मतभेद जेवढ्या गुणांचे, तेवढा पट्टा रेषेभोवती आखा आणि त्यातल्या प्रस्तावांच्या चिठ्ठ्या टाका. स्वित्झर्लंडची संशोधन-निधी संस्था स्विस नॅशनल सायन्स फाउंडेशनने हा मार्ग २०२१मध्ये अधिकृतपणे स्वीकारला. मात्र पद्धत आधी जाहीर हवी, नाहीतर वशिल्याचा संशय येतो.

नेदरलँड्सच्या त्या अभ्यासात हुकलेले पुढे अर्ज करायचेच कमी झाले, हेही निधीतल्या तफावतीचे एक कारण निघाले. त्यामुळे नकाराच्या पत्रासोबत परीक्षकांचे पूर्ण अभिप्राय आणि पुढच्या फेरीची तारीख पाठवा.