टॉर्कचा झटका आणि चिकटलेली रबराची रिंग

टेक्सासमध्ये जुनी 2006 ची सिल्वेराडो 2500 एचडी, म्हणजे शेवरलेची मोठी पिकअप गाडी, घेतली. ड्युरामॅक्स डिझेल इंजिन, ॲलिसन 1000 ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मागे ट्रेलर लावून चढ लागला, की गिअर बसायला वेळ घ्यायचा, मग झटका. गिअरबॉक्स गेला असं समजून पोटात गोळा आला होता.

गाडीखाली शिरलो, तर गिअरबॉक्सचा बाहेरचा स्पिन-ऑन (फिरवून आवळायचा) तेलाचा फिल्टर ओलाचिंब! खोलला आणि कारण हातात आलं. आधीच्या फिल्टरची रबरी रिंग फिल्टर बसतो त्या जागेलाच चिकटलेली, आणि आधीच्या गॅरेजने नवा फिल्टर तिच्यावरच आवळलेला. दोन रिंगा, त्यामुळे तेल झिरपत राहिलं आणि कमी पडलं, म्हणून गिअर नीट बसत नव्हते. गिअरबॉक्सच्या तेलाच्या ट्रेखालचा ड्रेन प्लग (तेल काढायचं बूच) काढला, तर जेमतेम साडेपाच लिटर निघालं. सात तरी यायला हवं होतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि तेलाच्या कूलरमध्येच राहतं, ते काही निघत नाही.

जुन्या फिल्टरच्या तोंडाशी गोल चुंबक असतं. त्यावर राखाडी चिखलासारखा बारीक थर होता. बोटांत चोळला, कण टोचले नाहीत, म्हणजे धातूचे मोठे तुकडे नव्हते, तेव्हा कुठे जीवात जीव आला. ते चुंबक पुसून नव्या फिल्टरवर बसवायचं असतं. कचऱ्यात टाकू नका, कळकळीने सांगतोय.

नवी रिंग तेलात भिजवून फिल्टर हातानेच आवळला. डेक्सरॉन 6 हे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल भरलं. तेल थंड असताना डिपस्टिक (पातळी मोजायची पट्टी) बघून थांबलो नाही. वीस मिनिटं चालवून तेल 160 ते 200 फॅरनहाइटवर आणलं, सपाट जागी, पार्कमध्ये, इंजिन चालू ठेवून पुन्हा बघितलं. आणखी थोडं लागलं.

ट्रेलर लावून तोच चढ चढलो. गिअर लोण्यासारखे पडले.