मूक कार्टून जमवताना आधी प्रत ओळखा

मी बावीस वर्षं मुद्रितशोधन केलं. एकाच मजकुराच्या दोन प्रती शेजारीशेजारी ठेवायच्या आणि कुठे काना गळला, कुठे अख्खी ओळ उडाली, ते पकडायचं. मूक काळातल्या कार्टूनच्या डिस्क जमवायला लागले तेव्हा ही सवय बरोबर आली, आणि या छंदात तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही. नव्याने जमवू लागलेल्यांना मी पहिल्यांदा हेच सांगते: कार्टूनचं नाव बघून डिस्क घेऊ नका. ती कुठल्या प्रतीवरून केली आहे ते बघा आणि मग घ्या.

माझी पहिली खरेदी म्हणजे शंभर कार्टूनचा एक जाडजूड, स्वस्त संच. त्यात फेलिक्स मांजर होतं, कोको विदूषक होता, इसापाच्या गोष्टी होत्या. मला वाटलं, सगळा काळच हाती लागला. महिन्याभराने त्यातल्याच एका कार्टूनची चांगली प्रत बघायला मिळाली. माझ्या डिस्कवर फेलिक्सच्या मागे नुसतं पांढरं फटक होतं. या प्रतीत तिथे घरांची रांग होती, खिडक्या होत्या, कुंपणाची एकेक फळी होती. कुणीतरी ती हाताने काढली होती आणि नकलेच्या नकलेची नक्कल होता होता पुसली गेली होती. त्या दिवशी मी तो संच बाजूला ठेवला आणि वही उघडली.

एकाच कार्टूनच्या प्रती इतक्या वेगळ्या का, हे समजलं की निम्मं काम झालं. चित्रपटगृहात दाखवलेली मूळ प्रत ३५ मिलिमीटरच्या नायट्रेट फिल्मवर असायची. नायट्रेटवर चित्र फार सुंदर उमटतं, पण ती फिल्म भडकन पेटते आणि नीट ठेवली नाही तर सडून चिकट होते. अनेक कार्टून टिकली ती घरगुती प्रतींमुळे. पाथे या फ्रेंच कंपनीने १९२२ मध्ये साडेनऊ मिलिमीटरची फिल्म आणली, तिची भोकं कडेला नसून मधोमध असतात. पाठोपाठ १९२३ मध्ये कोडॅकने १६ मिलिमीटर आणली आणि पुढे भाड्याने चित्रपट देणारं कोडास्कोप ग्रंथालय सुरू केलं. या छोट्या प्रती सहज न पेटणाऱ्या फिल्मवर होत्या म्हणून वाचल्या. त्या पुष्कळदा काटछाट केलेल्या असतात. तरीही चांगली कोडास्कोप प्रत मिळाली तर तिला कमी लेखू नका. मूळ नायट्रेट नष्ट झालं असेल तर तीच आपली पोथी.

नंतर बोलपट आले. जुन्या मूक कार्टूनना संगीत आणि आवाज चिकटवून ती पुन्हा बाजारात आली, पुढे दूरचित्रवाणीवरही गेली. इथे सगळ्यात मोठं नुकसान झालं. मूक फिल्मवर चित्र पूर्ण रुंदीचं असतं. ३५ मिलिमीटरच्या बोलपटाच्या फिल्मवर डाव्या बाजूला आवाजाची पट्टी लागते, म्हणून चित्राची डावी कड कापली गेली. मूळ नामावली काढून नवी लावली, संवादाच्या पाट्या काढून टाकल्या. स्वस्त संचांत बहुतेक याच प्रती असतात. अमेरिकेतली त्या काळची जवळजवळ सगळी कार्टून आता स्वामित्वहक्कातून मोकळी झाली आहेत. त्यामुळे कुणीही, कुठल्याही प्रतीवरून डिस्क काढू शकतो.

आता डिस्क घेण्यापूर्वी काय वाचायचं ते. वेष्टणावर 'रिस्टोर केलेलं' असं लिहिलेलं असलं तरी त्यावर विसंबू नका. त्या शब्दाला कसलीच हमी नाही. मी तीन गोष्टी शोधते: मूळ साधन काय होतं (३५ नायट्रेट, १६, की साडेनऊ), ती प्रत कुठल्या संग्रहालयाची किंवा संग्राहकाची, आणि स्कॅन नव्याने केलं की जुन्याच व्हिडिओ टेपवरून उचललं. ज्याने मनापासून काम केलं आहे तो हे आपणहून सांगतो. दोन प्रती जोडून एक केली असेल तर तेही सांगतो, आणि कुठली पाटी नव्याने बनवली तेही. जिथे यातलं काहीच लिहिलेलं नाही तिथे मी थांबते.

डिस्क घरी आली की पहिल्या दिवशीच तपासा. मी पाच जागा बघते.

पहिली जागा नावाची पाटी. अक्षरं मधोमध आहेत का? डावीकडे सरकलेली किंवा पहिलं अक्षर कापलेलं असेल, तर प्रत बोलपटाच्या फिल्मवरून आली आहे.

दुसरी, रेषा. हे मी सगळ्यात जास्त वेळ बघते. कार्टून म्हणजे रेषा. ती गेली की काही उरलं नाही. धूळ आणि ओरखडे पुसणारं सॉफ्टवेअर जे क्षणभर दिसतं आणि नाहीसं होतं त्याला घाण समजतं. वेगाने हलणारी बारीक रेषाही त्याला तशीच वाटते. म्हणून फेलिक्स धावत असताना चित्र थांबवा आणि त्याच्या मिशा, शेपटीचं टोक, घामाचे थेंब बघा. रेषा मध्येच तुटलेली, विरलेली दिसली तर सफाई अति झाली आहे. उलट, थोडी धूळ आणि फिल्मचा दाणेदार पोत दिसत असेल पण रेषा अखंड असेल, तर ती डिस्क मला हजारदा चालेल.

इथेच एक नाजूक गोष्ट आहे. सगळे डाग काळाने पाडलेले नसतात. विन्झर मॅके यांनी 'गर्टी द डायनोसॉर' १९१४ मध्ये केलं, ते सेल, म्हणजे चित्र काढायचे सेल्युलॉइडचे पारदर्शक पत्रे, वापरात येण्याआधी. प्रत्येक चित्र वेगळ्या कागदावर आणि त्यावर मागचे डोंगर, दगड, तळं पुन्हा पुन्हा गिरवलेलं. गिरवायला जॉन फिट्झसिमन्स नावाचा शेजारचा तरुण मदतीला होता. त्यामुळे डोंगर सारखे थरथरतात. ती थरथर म्हणजे हजारो वेळा गिरवणाऱ्या हाताची खूण आहे. तसंच राऊल बारे यांच्या पद्धतीत हलणाऱ्या भागासाठी कागद फाडून दुसऱ्या कागदावर ठेवत, त्याची कड अधूनमधून दिसते. अर्ल हर्ड यांनी १९१४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेली सेलची पद्धत रुळल्यावर सेलवरची धूळ आणि बोटांचे ठसेही कॅमेऱ्याने टिपले. हे सगळं मूळ मजकुरात आहे. रिस्टोर करणाऱ्याने ते पुसलं, तर लेखकाची शैली 'सुधारणाऱ्या' मुद्रितशोधकासारखं त्याने केलं, आणि तो हक्क त्याला नाही.

तिसरी जागा, वेग. मूकपट सेकंदाला १६ पासून २४ पर्यंत कितीही फ्रेमने चालवत. डिस्कला मात्र ठरलेला वेग लागतो, म्हणून मध्ये काही फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात. ते नीट केलं आहे का हे बघायला एकेक फ्रेम पुढे सरकवा. प्रत्येक फ्रेम स्वच्छ हवी. दोन चित्रं एकमेकांत मिसळून भूत दिसत असेल, तर काम ढिसाळ आहे. वेग बरोबर आहे का हे नुसत्या कार्टूनवरून ओळखणं कठीण, पण जिथे खरी माणसं आहेत तिथे सोपं. मॅक्स फ्लायशर यांच्या शाईच्या दौतीतून निघणाऱ्या कोकोच्या मालिकेत मॅक्स स्वतः येऊन मेजाशी बसतात. त्यांचं चालणं आणि बसणं बघा. डिस्नेच्या ॲलिस मालिकेत लहानग्या मुलीची चाल बघा. माणूस दुडक्या चालीने पळत असेल तर कार्टूनही पळवलं आहे.

चौथी जागा पाट्या. परदेशात सापडलेल्या प्रतीत त्या परभाषेत असतात, किंवा जागा वाचवायला एकदोन फ्रेमपुरत्याच ठेवलेल्या असतात. त्या योग्य तितका वेळ थांबवून दाखवायला हव्यात.

पाचवी संगीत. यावर मी फार अडून बसत नाही, नको असेल तर आवाज बंद करते. पण चित्राकडे बघून वाजवणारा पियानोवादक मिळाला की कार्टून उजळतं, आणि कुठलीही जुनी तबकडी मागे लावून दिली असेल तर मला त्रास होतो.

सुरुवात कुठून करायची? मी मॅकेपासून करायला सांगेन. माइलस्टोनने काढलेल्या 'द मास्टर एडिशन' या डिस्कवर त्यांचं काम एकत्र बघायला मिळतं: १९११ चा लिटल नेमो, १९१२ चा डास, गर्टी आणि १९१८ चं लुसिटानिया बोटीच्या जलसमाधीचं चित्रण. गर्टीबाबत सावध राहा. मॅके स्वतः रंगमंचावर उभे राहून गर्टीला हुकूम देत आणि ती पडद्यावरून ते पाळत असे; हा खेळ इतका गाजला की दुसऱ्या कुणीतरी तिची नकली फिल्म काढली. ती नक्कल आजही अस्सल म्हणून फिरते. दोन्ही बघितल्यात की पुन्हा फसणार नाही: खऱ्या गर्टीत वजन आहे. ती पाय टाकते तेव्हा जमीन दबल्यासारखी वाटते, आणि मॅके रागावले की ती लहान मुलासारखी रडते.

मग एमिल कोल. त्यांचं 'फँटास्मागोरी' १९०८ चं, काळ्यावर पांढऱ्या रेषांचं. गोमाँ या फ्रेंच कंपनीच्या जुन्या चित्रपटांच्या संचांपैकी दुसऱ्या संचात कोल यांचं काम आहे. अमेरिकन स्टुडिओंसाठी टॉमी स्टेथिस यांची 'कार्टून रूट्स' मालिका आणि स्टीव्ह स्टँचफील्ड यांच्या थंडरबीनच्या डिस्क शोधा. दोघेही स्वतः फिल्म जमवणारे, आणि कुठली फिल्म कुठून आली याची त्यांना खरी आस्था. चार्ली बॉवर्स यांचं काम लॉब्स्टर फिल्म्स आणि फ्लिकर ॲली यांनी ब्लू-रेवर आणलं आहे; माणूस आणि बाहुली एकाच चौकटीत वावरताना बघून मी अजून थक्क होते.

लोटे रायनिगर यांच्या १९२६ च्या 'प्रिन्स अकमद'ला माझ्या कपाटात वेगळा खण आहे. काळ्या कागदाच्या कापलेल्या छाया, मागे रंगाचे थर. मूळ निगेटिव्ह नष्ट झालं. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे एक रंगछटा दिलेली नायट्रेट प्रत राहिली होती, तिच्यावरून १९९९ मध्ये रिस्टोरेशन झालं आणि वोल्फगांग त्सेलर यांचं मूळ संगीतही परत जोडलं गेलं. ज्या डिस्कवर रंगछटा नाहीत ती घेऊ नका. त्या छटा सजावट नाहीत, रात्र आणि आग त्यांच्यामुळेच कळते.

ओस्वाल्ड सशाची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. डिस्नेने १९२७-२८ मध्ये याची २६ कार्टून केली आणि मग तो हातचा गेला, कारण हक्क युनिव्हर्सलकडे होते. ते २००६ मध्ये डिस्नेकडे आले, आणि २००७ च्या पत्र्याच्या डब्यातल्या दोन डिस्कच्या संचात १३ कार्टून निघाली, रॉबर्ट इस्रायल यांच्या संगीतासह. तो संच मर्यादित होता, आता जुन्या बाजारातच मिळतो. मिळाला तर घ्याच, पण तो पूर्ण नाही हे लक्षात ठेवा. त्यानंतर २०१४ मध्ये नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात 'एम्प्टी सॉक्स' सापडलं, २०१५ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये 'स्ले बेल्स', आणि २०१८ मध्ये जपानमध्ये 'नेक अँड नेक'चा भाग.

यातल्या अनेक कार्टूनांत वंशांची अत्यंत दुखावणारी व्यंग्यचित्रं येतात. मी न कापलेली प्रत घेते, कारण कापलेल्या प्रतीतून तो काळ खोटा दिसतो. पण मुलांना दाखवण्याआधी एकदा स्वतः बघून घ्या.

थोडं यंत्राबद्दल. डीव्हीडीला आकड्यांचे आणि ब्लू-रेला ए, बी, सी असे विभाग असतात. आपला प्लेअर कुठला विभाग चालवतो ते आधी बघा. छोटे प्रकाशक थोड्या प्रती काढतात तेव्हा डिस्क कारखान्यात छापलेली नसून संगणकावर बर्न केलेली असू शकते. डीव्हीडीची खालची बाजू जांभळट दिसली तर ती बर्न केलेली समजा. त्यात वाईट काही नाही, फक्त ती आल्याबरोबर शेवटच्या मिनिटापर्यंत चालवून बघा. माझी एक डिस्क अर्ध्यावर अडकत होती, हे मला दोन वर्षांनी कळलं. तोवर प्रकाशकाकडे दुसरी प्रत उरली नव्हती. डिस्क उभ्या ठेवा, ऊन आणि दमटपणापासून दूर ठेवा आणि त्यांवर चिकटपट्टी लावू नका.

आणि वही ठेवा. माझ्या वहीत प्रत्येक कार्टूनला एक पान आहे: नाव, वर्ष, कुठली प्रत, लांबी किती मिनिटं आणि सेकंद, पाट्या मूळ की नव्या, डावी कड शाबूत की कापलेली. त्याच कार्टूनची दुसरी डिस्क आली की त्याच पानावर खाली पाठभेद. अशाच एका पानावर लक्षात आलं की जुन्या, गढूळ १६ मिलिमीटरच्या प्रतीत वीस सेकंदांचा एक विनोद आहे, जो नव्या झळझळीत ब्लू-रेवर नाही. ती गढूळ डिस्क म्हणूनच टाकली नाही. वहीच्या शेवटच्या पानांवर सापडलेली नाहीत त्यांची यादी आहे. सगळ्यात वर किरिनो क्रिस्तियानी यांचं 'एल आपोस्तोल' आहे, अर्जेंटिनातलं, १९१७ चं, पूर्ण लांबीचं पहिलं ॲनिमेशन. त्याची एकही प्रत उरलेली नाही. त्याखाली उरलेले ओस्वाल्ड आहेत. 'एम्प्टी सॉक्स' त्याच यादीत होतं. २०१४ मध्ये मी त्यावर पेन्सिलने एक रेघ मारली आणि नाव पुढच्या पानावर लिहून घेतलं.